आपलं गाव कोणत्या देशात, हे कोण ठरवणार?

मुलांनो, तुम्ही बीडचे असा, गेवराईचे, आष्टीचे, नाही तर परळी-अंबाजोगाईचे. एक गोष्ट तुमच्या अंगवळणी पडलेली आहे. पंधरा ऑगस्टला इस्त्रीचा गणवेश घालून शाळेत जायचं, झेंडावंदन करायचं. आणि जेमतेम महिना उलटला की सतरा सप्टेंबरला पुन्हा तेच! पुन्हा गणवेश, पुन्हा झेंडा, पुन्हा भाषणं.

पुण्याची मावसबहीण गौरी-गणपतीला तुमच्याकडे आली की तिला याचं नवल वाटतं. "काय रे, तुमच्याकडे दोन-दोनदा स्वातंत्र्यदिन असतो का?" असं ती विचारते. आपण ऐटीत सांगतो, "अगं, तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन." पण "म्हणजे काय?" असं तिनं पुढं विचारलं की आपली गाडी अडते. हो ना?

चला तर, आज ती गाडी जरा पुढं ढकलू.

नाक्यापलीकडचा देश

क्षणभर डोळे मिटा आणि १९४७ सालच्या १५ ऑगस्टला जा. बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर). तो इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. बीड मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दोन्हीकडे बोली मराठी, ताटात भाकरी ज्वारीचीच, लेकीसुना या गावातून त्या गावात दिलेल्या. पण मधे नाका! त्याला करोडगिरी नाका म्हणत. माल पलीकडे न्यायचा तर तिथं जकात भरायची. निजामाचा रुपयासुद्धा वेगळा होता. त्याला म्हणायचे हाली सिक्का, आणि इंग्रजांच्या रुपयाला कलदार. साधारण सात हाली रुपये मोजले की सहा कलदार हातात पडत. टपालाची तिकिटं वेगळी, आणि सरकारी कामकाजाची भाषा उर्दू.

त्या दिवशी नगरला तिरंगा फडकला. इकडं बीडला तो लावायची चोरी होती. लावला तर पोलीस पकडून नेत. एकाच मातीतली दोन गावं, एक स्वतंत्र भारतात आणि दुसरं बाहेर. असं का झालं?

निजामाचं म्हणणं काय होतं?

इंग्रजांच्या काळात सगळा हिंदुस्थान थेट त्यांच्या हाताखाली नव्हता, बरं का. साडेपाचशेहून जास्त संस्थानं होती. तिथं राजे, नवाब राज्य करत. पण त्यांच्या डोक्यावर इंग्रजांची सत्ता असे. १९४७ च्या कायद्यानं ती सत्ता संपली. मग हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान म्हणाले, "इंग्रज गेले, तेव्हा आता मी कोणाच्याच हाताखाली नाही. माझं राज्य स्वतंत्र." जून १९४७ मध्ये त्यांनी तसं फर्मानही काढलं.

आणि हे राज्य काही लहानसहान नव्हतं. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीहून जास्त माणसं. त्यात तेलुगू बोलणारे होते, मराठी आणि कन्नड बोलणारे होते, उर्दू बोलणारेही होते. मराठी भागाचे जिल्हे पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. चहूबाजूंनी वेढा मात्र भारताचा.

कायद्याचं पुस्तक उघडलं, तर निजामाच्या बोलण्याला थोडा आधार सापडत होता. पण त्या पुस्तकात एक प्रश्न नव्हताच: या दीड कोटी माणसांना काय हवंय?

समजा, तुमच्या वर्गाची सहल निघायची आहे. वेरूळला जायचं की पैठणला, हे एकट्या मॉनिटरनं ठरवलं, कोणाला विचारलंच नाही, तर तुम्ही गप्प बसाल का? इथं तर सहलीचा नाही, देशाचा प्रश्न होता.

अंबाजोगाईचे गुरुजी

गप्प न बसणाऱ्यांत पुढं होते एक शिक्षक. त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतल्यावर ते झाले स्वामी रामानंद तीर्थ. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी मुलांना शिकवलं. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस उभी राहण्याआधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. त्याच वर्षी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातल्या आणि औरंगाबादच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. पुष्कळ जण शिकायला नागपूरला गेले.

१९४७ मध्ये स्टेट काँग्रेसच्या दोन मागण्या होत्या. संस्थान भारतात सामील करा, आणि कारभार लोकांच्या हाती द्या. ७ ऑगस्टला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवल्यावर स्वामीजींना अटक झाली. मग कार्यकर्त्यांनी सीमेपलीकडे तळ ठोकले आणि तिथून लढा चालवला. शिंदीच्या झाडांवरून निजाम सरकारला मोठा कर मिळे, म्हणून माणसं रात्रीतून शिंदीची झाडं तोडून टाकत.

दुसऱ्या बाजूला होते रझाकार. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. निजामाचं राज्य टिकवायचं म्हणून या हत्यारबंद टोळ्यांनी गावंच्या गावं लुटली, जाळली, माणसं मारली. कितीतरी कुटुंबं घरदार सोडून नाक्यापलीकडे गेली.

पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. हा हिंदू-मुसलमानांचा लढा नव्हता. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचे तरुण संपादक 'इमरोज' नावाचं उर्दू वर्तमानपत्र चालवत. संस्थान भारतात गेलं पाहिजे, असं ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा रस्त्यात गाठून खून झाला. लेखणी थांबावी म्हणून हातावर वार केले गेले. मुक्तिसंग्रामाच्या भाषणात त्यांचं नाव आलं नाही, तर तुम्ही सरांना आठवण करून द्या.

पाच दिवस, आणि त्यानंतर

नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि निजाम यांच्यात एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. पुढच्या बोलण्यांत सार्वमताचा, म्हणजे लोकांनाच मत देऊन ठरवू द्यायचा, विषयही निघाला. पण जून १९४८ मध्ये बोलणी फिसकटली. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गावर आली. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामानं लढाई थांबवल्याचं जाहीर केलं. तोच आपला मुक्तिदिन. फौजेनं केलेल्या या कारवाईला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात.

गोष्ट इथं संपवली असती, तर सोपं झालं असतं. पण पुढचं पानही वाचलं पाहिजे. त्या दिवसांत आणि नंतर मराठवाड्यात व आसपासच्या जिल्ह्यांत सुडापोटी हजारो मुसलमानांना मारलं गेलं. त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीला पाठवली. निदान २७ ते ४० हजार माणसांचा जीव गेला असावा, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढं आलाच नाही. त्यात आणखीही एक गोष्ट नोंदलेली आहे. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं.

म्हणजे बघा, लोकांची मागणी न्यायाची होती आणि लढाही न्यायाचा होता. तरी त्याच काळात अन्यायसुद्धा झाला. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही आपल्याच जिल्ह्यांत घडलंय.

आयर्लंड नावाचं बेट

आता नकाशात इंग्लंडच्या डावीकडचं बेट शोधा. ते आयर्लंड. तिथंही हाच प्रश्न, पण गाठ जास्त अवघड.

इंग्रजांनी आयर्लंडवर शेकडो वर्षं राज्य केलं. आयरिश लोक लढले, आणि १९२१-२२ मध्ये बेटाचे दोन भाग झाले. ३२ परगण्यांपैकी २६ चं वेगळं आयरिश राज्य झालं. उत्तरेचे सहा ब्रिटनकडेच राहिले. का? तर तिथल्या बहुतेकांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं. पण त्याच सहा परगण्यांतल्या बाकीच्यांना अख्खं आयर्लंड एक हवं होतं. आपल्याकडे एका बाजूला राजा होता आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक रयत. तिथं रयतच दोन मतांची! एकाच रस्त्याच्या या टोकाला एक झेंडा, त्या टोकाला दुसरा.

आठवा आपली सहल. चाळीसपैकी एकवीस म्हणाले वेरूळ आणि एकोणीस म्हणाले पैठण. मग त्या एकोणिसांचं काय? सहल संध्याकाळी परत येते हो. पण देश काही संध्याकाळी बदलत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेटलेल्या सुमारे तीस वर्षांच्या भांडणात तिथं साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली.

अखेर १० एप्रिल १९९८ ला बेलफास्ट शहरात करार झाला. त्यातल्या तीन गोष्टी पाहा. पहिली, उत्तरेच्या बहुसंख्य लोकांना जोवर हवं, तोवर ते ब्रिटनमध्ये राहतील. त्यांचं मन बदललं, तर मत घेऊन आयर्लंड एक करता येईल. दुसरी, तिथं जन्मलेल्या माणसानं स्वतःला आयरिश म्हणवावं, ब्रिटिश म्हणवावं, नाही तर दोन्ही; तो त्याचा हक्क. तिसरी, कारभार दोन्ही गटांनी मिळून करायचा. मे महिन्यात लोकांनी या करारावर मत दिलं. उत्तरेत शंभरातल्या ७१ जणांनी आणि दक्षिणेत ९४ जणांनी 'हो' म्हटलं. बेट अजूनही दोन भागांतच आहे, पण भांडण आता बंदुकीचं नाही, मतपेटीचं आहे.

मग आपल्याकडे मत कधी घेतलं?

जुनागडच्या नवाबानं पाकिस्तानात जायचं ठरवलं होतं. तिथं फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत झालं आणि पाकिस्तानला मतं पडली फक्त ९१! गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला विचारलं गेलं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? मराठी-कोकणी घराघरांतून वाद रंगले. ३४,०२१ मतांच्या फरकानं वेगळं राहायचं ठरलं, आणि हरलेल्यांनीही ते मानलं.

हैदराबाद संस्थानात असं सार्वमत कधी झालं नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामानं भारताची राज्यघटना मान्य केली. आमदार निवडण्यासाठी इथल्या रयतेनं पहिल्यांदा मत दिलं ते १९५२ च्या निवडणुकीत. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य भाषेप्रमाणे वाटलं गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

तेव्हा मावसबहिणीला आता काय सांगाल? "अगं, तुमच्याकडे स्वातंत्र्य आलं, तेव्हा आमच्याकडे राजानं परस्पर ठरवून टाकलं होतं. आमच्या लोकांनी 'आम्हाला विचारा' म्हणून तेरा महिने झगडा केला. त्याचा हा दिवस."

आणि एक काम आहे तुम्हाला. ते दिवस आठवणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. आपल्या गल्लीत, गावात अशा आजी-आजोबांना शोधा. मराठी घरात जा, तसं उर्दू बोलणाऱ्या घरातही जा. पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही कुठं होता? हाली सिक्का पाहिला होता का? कोणी कोणाला घरात लपवलं होतं? वही-पेन्सिल बरोबर न्या, आणि ते सांगतील तसंच लिहून घ्या. कोणाचे डोळे भरून आले, तर प्रश्न थांबवा, पाणी आणून द्या आणि नुसते जवळ बसून राहा.

पुढच्या सतरा सप्टेंबरला तुमच्या वर्गात ती वही वाचली गेली, तर भाषणापेक्षा सगळे जास्त कान देऊन ऐकतील, बघा!