अकरावी-बारावीचा शिक्षक : दोन पदव्या आणि तिसरी पात्रता

शाळा संपलेली असते आणि विद्यापीठ अजून सुरू झालेले नसते. अकरावी आणि बारावी ही अशी मधली दोन वर्षे आहेत. या वर्गांना शिकवणाऱ्याला आपण कधी 'सर' म्हणतो, कधी 'प्राध्यापक'. नावाबाबतचा हा गोंधळ त्याच्या पात्रतेच्या अटींतही उमटलेला दिसतो. एम.एस्‌सी. झालेल्या माणसाला बी.एड. कशाला हवे, हा प्रश्न दरवर्षी अनेक विद्यार्थी विचारतात. तो प्रश्न जरा नीट तपासून पाहू.

ही दोन वर्षे कोणाची?

पूर्वी महाराष्ट्रात अकरावीला शालान्त परीक्षा होत असे. त्यानंतरचे वर्ष महाविद्यालयात जाई व तेथे महाविद्यालयीन प्राध्यापकच शिकवत. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964-66) ही मधली वर्षे विद्यापीठांकडून काढून शालेय शिक्षणाला जोडावीत असे सुचवले. 1968 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 10+2+3 हा आराखडा स्वीकारला. महाराष्ट्रात 1975 साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि कनिष्ठ महाविद्यालये आली.

वर्ग मात्र तीन ठिकाणी बसले. काही माध्यमिक शाळेला जोडून, काही स्वतंत्र, तर काही वरिष्ठ महाविद्यालयाच्या इमारतीत. त्यामुळे आजही एकाच इमारतीत, एकाच विषयाचे दोन शिक्षक वेगवेगळ्या अटींवर नेमलेले आढळतात.

अटी काय आहेत?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनुसार उच्च माध्यमिक वर्गांसाठीची नेहमीची पात्रता अशी : संबंधित विषयात किमान 50 टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. नववी-दहावीच्या वर्गांना पदवी व बी.एड. पुरते. याउलट, वरिष्ठ महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 55 टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट परीक्षा लागते. पीएच.डी. धारकांना काही अटींवर या परीक्षेतून सूट आहे. बी.एड. तेथे कोणी मागत नाही.

म्हणजे मधल्या पायरीवरच्या शिक्षकाकडून विषयाची खोली महाविद्यालयाची आणि अध्यापनाचे प्रशिक्षण शाळेचे, अशा दोन्ही गोष्टींची अपेक्षा आहे. पायरीचे स्थान पाहता ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

'संबंधित विषय' या दोन शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. केंद्रीय विद्यालयांच्या 2022 च्या भरतीत जीवशास्त्राच्या पदासाठी सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आनुवंशिकी यांतील पदव्युत्तर पदवी चालत होती. पण पदवीला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे दोन्ही विषय अभ्यासलेले असणे आवश्यक होते. बी.एस्‌सी.ला विषय निवडताना हे माहीत नसेल, तर पाच-सहा वर्षांनी अर्ज भरताना ते कळते आणि तोवर उपाय उरलेला नसतो.

दोन पदव्यांमधली फट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक साधे उदाहरण घ्या. एक विद्युतघट आणि एकसारखे दोन दिवे एकसरीत जोडायचे आहेत. कोणता दिवा अधिक उजळेल, असे विद्यार्थ्यांना विचारा. दहावीत ओहमचा नियम शिकून आलेली कित्येक मुले सांगतात, "पहिला." कारण काय, तर पहिला दिवा थोडी विद्युतधारा 'वापरून टाकतो' आणि उरलेली दुसऱ्याला मिळते. ही समजूत निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांमध्ये आढळली आहे.

केवळ एम.एस्‌सी. झालेला शिक्षक फळ्यावर लिहील : एकसरीत धारा सर्वत्र समान असते. मुले ते उतरवून घेतील, गणितेही सोडवतील आणि मनातली समजूत तशीच ठेवतील. केवळ पद्धती शिकलेला शिक्षक प्रश्न विचारील, शैक्षणिक साधन वापरील. पण 'वापरली जाणारी धारा' या कल्पनेत नेमकी गफलत कोठे आहे, हे त्याला पकडता येईलच असे नाही.

येथे तिसऱ्या प्रकारचे ज्ञान लागते. मुले धारा आणि ऊर्जा यांत गल्लत करतात, हे शिक्षकाला आधीच ठाऊक हवे. मग तो प्रथम मुलांकडून अंदाज लिहून घेईल, नंतर मंडल जोडून दोन्ही दिवे सारखेच उजळतात हे दाखवील आणि अमीटर दिव्याच्या आधी व नंतर लावून दोन्ही वाचने फळ्यावर मांडील. सायकलच्या साखळीची उपमाही उपयोगी पडते. साखळी जेवढी पुढे जाते तेवढीच परत येते, ती खर्च होत नाही. तरीही पायाचे काम मागच्या चाकापर्यंत पोहोचते. तशी धारा पूर्ण परत येते, ऊर्जा मात्र दिव्यात दिली जाते.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 साली या ज्ञानाला स्वतंत्र नाव दिले. आपल्याकडच्या बी.एड. अभ्यासक्रमातील 'आशययुक्त अध्यापन' ही कल्पना त्याच्या जवळ जाणारी आहे.

अडचण अशी की, हे ज्ञान दोन पदव्यांच्या मधल्या फटीतून निसटते. एम.एस्‌सी.त पुंजयामिकी असते. अकरावीच्या सदिशांकडे पुन्हा वळून पाहायला तेथे वेळ नसतो. बी.एड.चे सराव पाठ बहुधा माध्यमिक वर्गांवर होतात. परिणामी दोन्ही पदव्या हाती असलेला उमेदवार अकरावीचा पहिला पाठ नोकरीच्या पहिल्या दिवशीच घेतो.

फट बुजवण्याचे प्रयत्न

दोन्ही शिक्षणे एकत्र देण्याचा प्रयत्न जुना आहे. 1963 च्या सुमारास भोपाळ, म्हैसूर, अजमेर व भुवनेश्वर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली व तेथे चार वर्षांचा बी.एस्‌सी.एड. अभ्यासक्रम चालला. म्हैसूरला सहा वर्षांचा एकात्मिक एम.एस्‌सी.एड. अभ्यासक्रमही आला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला असून, 2030 पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरवले आहे. पदव्युत्तर पदवीधरांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चीही त्यात तरतूद आहे. अभ्यासक्रम किती वर्षांचा, याची चर्चा पुष्कळ होते. त्या वर्षांत उमेदवार अकरावीच्या वर्गावर किती वेळा उभा राहिला, हेही तितक्याच आग्रहाने विचारायला हवे.

आपल्या हाती काय?

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पदवीचे विषय निवडण्यापूर्वीच अटी वाचाव्यात आणि बी.एड. करताना निदान चार-पाच पाठ अकरावीवर मिळावेत म्हणून मागणी करावी. सेवेत असलेल्या शिक्षकांनी एक वही करावी. मुलांची चुकलेली उत्तरे, त्यांनी दिलेली कारणे आणि कोणत्या प्रयोगाने किंवा प्रश्नाने गाठ सुटली, हे तीत लिहावे. दोन-तीन वर्षांत ती वही भरेल. शाळेत किंवा महाविद्यालयात नवा शिक्षक रुजू झाला की ती त्याला वाचायला द्यावी. त्याच्या दोन पदव्यांनी जे दिले नाही, त्यातले बरेचसे त्याला तेथे सापडेल.