दुधाच्या दाताची पकड

“दुधाचेच दात, आज ना उद्या पडायचेच. त्यांत पैसे कशाला घालायचे?” हा प्रश्न सौंसर-पांढुर्ण्याकडील घराघरांतून आमच्या कानी येतो. जामसांवलीला पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनाला मुले जातात, हाती गोड प्रसाद पडतो. त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते रात्री दात न घासता निजणे आणि दाढेतील काळ्या ठिपक्याकडे डोळेझाक करणे.

दुधाचे दात वीस. त्यांतील मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकाव्या लागतात, कारण खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा त्याच राखतात. दाढ अवेळी गेली की शेजारचे दात कलतात आणि पुढे दातांची रांग वाकडी होते.

पूर्वी कीड काढून तेथे ‘चांदी’ भरीत. तीत पारा असल्याने, २०२२ साली मिनामाता करारातील राष्ट्रांनी पंधरा वर्षांखालील मुलांसाठी ती टाळण्याचे ठरविले. आता बहुधा दाताच्याच रंगाचे काँपोझिट भरतात. गवंडी गिलाव्यापूर्वी भिंत टोचून खरबरीत करतो, तसे दाताच्या कवचावर सौम्य आम्ल लावून त्यात सूक्ष्म छिद्रे पाडावयाची. पातळ राळ त्यांत शिरून घट्ट होते आणि भरण धरून ठेवते. आम्लाची ही युक्ती बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखविली.

दुधाच्या दातावर मात्र ही पकड तितकी सोपी नाही. त्याचे कवच पातळ. वरच्या थराची घडण नीट रचलेली नसल्याने आम्लाचा परिणाम सारखा होत नाही. आतील डेंटीनवर आम्ल लवकर चढते, आणि राळ खोलवर पोहोचली नाही तर बंध कच्चा राहतो. पुष्कळ प्रयोगांत तेथील पकड पक्क्या दातापेक्षा कमी भरली आहे.

पण खरा शत्रू लाळ! आम्ल धुऊन दात कोरडा केल्यावर लाळेचा ओघळ आला, तर उत्तम मसालाही निसटतो. म्हणून डॉक्टर दाताभोवती रबराचा पडदा लावतात. मूल स्वस्थ बसत नसेल, तर ओलावा अधिक सोसणारे ग्लास आयोनोमर वापरतात. ते दाताशी रासायनिक रीतीने जुळते, फ्लोराइडही सोडते. मात्र झीज सोसण्यात काँपोझिटहून उणे. कीड मोठी असेल, तर दाढेवर स्टीलची टोपी बसवितात.

यावरून आमचे सांगणे असे, की भरण किती टिकेल हे निम्मे घरीच ठरते. दुखू लागण्यापूर्वी, खड्डा लहान असतानाच मुलाला न्यावे. जवळ सोय नसेल, तर १९६८ सालापासून चालत आलेले नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय या भागाला परके नाही. आणि “रडलास तर डॉक्टर सुई टोचतील” हा धाक आजी-आजोबांनीही सोडून द्यावा. भ्यालेले मूल तोंड मिटून घेते, आणि कोरडा केलेला दात तेवढ्यात ओला होतो.