सांगण्याचा अधिकार: मराठी कथनातल्या स्वप्नाचा आणि ‘मी’चा मागोवा

मराठीत स्वप्न आधी आलं ते आज्ञा होऊन. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करायला सांगितलं, असं तुकारामांनी अभंगात नोंदवलं आहे. संत बहिणाबाईंना तुकारामांचा अनुग्रह झाला, तोही स्वप्नातच. ज्यांना बोलण्याचा अधिकार समाज देत नव्हता, त्यांना तो स्वप्नाने दिला. कादंबरी आली तेव्हा हे काम निवेदकाकडे, गोष्ट सांगणाऱ्या ‘मी’कडे गेलं, असं मला मागे वळून पाहताना ठामपणे वाटतं.

या वाटेवरचं पहिलं मोठं पाऊल हरि नारायण आपट्यांचं. ‘करमणूक’ साप्ताहिकात 1890 पासून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू स्वतःच आपली हकिकत सांगते. हीच कहाणी त्रयस्थाने सांगितली असती, तर ते सुधारकाचं व्याख्यान झालं असतं. लहानपणच्या कितीतरी गोष्टींचा अर्थ यमूला त्या वेळी उमगत नाही, वाचणाऱ्याला मात्र उमगतो. या अंतरातूनच कादंबरीतलं दुःख अंगावर येतं.

पुढे सांगण्याच्या तऱ्हा वाढल्या. वामन मल्हार जोशींनी ‘इंदु काळे व सरला भोळे’ पत्रांतून उभी केली. मर्ढेकरांनी 1942 च्या ‘रात्रीचा दिवस’मध्ये संज्ञाप्रवाह आणला आणि घटनांपेक्षा मनात चाललेली खळबळ महत्त्वाची ठरली. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) राजा आणि राणी बोलतात, तशी दासी झालेली शर्मिष्ठाही बोलते. ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्णाबरोबर त्याचा भाऊ शोण आणि पत्नी वृषाली यांनाही आवाज मिळाला.

तरी या सगळ्यांची भाषा बरीचशी लेखकाचीच होती. 1963 साली नेमाड्यांच्या ‘कोसला’ने ते बदललं. पांडुरंग सांगवीकरचं ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ म्हणत बोलणं हाच त्याचा स्वभाव आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी त्या बोलण्यामागची भीषण पोकळी उघडी पडते. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’तला पोक्या मुंबईच्या नाक्यावरच्या बोलीत सांगतो. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) नारबा हा शेतगडी पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या ग्रामीण बोलीतच बोलतो. तोवर ही बोली बहुतेक संवादांपुरती असायची. इथे तिने अख्खी कादंबरी पेलली.

याच काळात स्वप्नही परतलं, पण त्याचं रूप पालटलं होतं. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तल्या (1975) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा नकाशावर नसलेल्या प्रदेशांत घडतात. तिथलं स्वप्न कोणाच्या झोपेत पडत नाही. गोष्टीचं जगच स्वप्नाच्या नियमांनी चालतं. त्यामुळे जाग येऊन सुटका होण्याची सोय पात्रांना नाही, वाचकालाही नाही.

म्हणूनच ‘आणि तो दचकून जागा झाला’ असा शेवट मला लेखकाने घेतलेली माघार वाटतो. जे घडवलं त्याची जबाबदारी तो तिथे टाकून देतो. यमू, पांडुरंग आणि नारबा यांच्या लेखकांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाहिली. आज लिहू पाहणाऱ्याने तंत्र निवडण्याआधी एवढं ठरवावं: ही गोष्ट सांगण्याचा हक्क सर्वांत जास्त कोणाचा आहे? उत्तर मिळालं की लेखणी त्याच्या हाती द्यावी, आणि त्याच्या भाषेसकट द्यावी.