माशांना पिण्यासाठी भरपूर पाणी

प्रस्तावातलं वाक्य असं होतं : ‘प्राण्यांना पिण्यासाठी स्वच्छ पाणी चोवीस तास उपलब्ध राहील आणि भाताच्या तुसाची गादी आठवड्यातून दोनदा बदलली जाईल.’ प्राणी होते मासे. उंदरांच्या जुन्या प्रस्तावावरून मजकूर उचललेला, ‘रॅट’ खोडून ‘फिश’ लिहिलेलं आणि पुढचं वाचायचं राहून गेलेलं. बैठकीत हशा पिकला. संशोधक मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच कागदावर सही करणारे तिचे मार्गदर्शक मात्र निवांत समोसा खात होते.

भोपाळच्या एका संशोधन संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीवर मी काही वर्षं होते. मी शास्त्रज्ञ नाही. वडील भेलमध्ये होते म्हणून इथली झालेली, बँकेतून निवृत्त होऊन अवधपुरीत राहणारी बाई. पण प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेच्या समितीत शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य यांच्याबरोबर विज्ञानाबाहेरचा, सामाजिक भान असलेला एक सदस्य लागतो. त्याला केंद्राची समिती नेमते. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात या सगळ्याचं मूळ आहे आणि 1998च्या नियमांनी त्याची घडी बसवली. बैठकीला निघाले की शेजारच्या वहिनी विचारायच्या, “काय हो, आज उंदीर की ससे?” मासे त्यांच्या डोक्यातच नसायचे.

समितीच्याही फारसे नसायचे. उंदरांच्या प्रस्तावावर तासभर खल व्हायचा. भूल कोणती, संख्या कमी करता येईल का, शेवट कसा करणार? मासे आले की घड्याळाकडे नजरा. “मछली ही तो है, मैडम,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की इतिवृत्तात छापूनच ठेवावं असं वाटायचं.

एकदा कीटकनाशकाच्या चाचणीचा प्रस्ताव आला. ही चाचणी जगभर होते. वाढत्या मात्रेच्या पाच टाक्या, सहावी साध्या पाण्याची. 24, 48, 72 आणि 96 तासांनी मेलेले मासे मोजायचे आणि कोणत्या मात्रेला निम्मे मरतात ते काढायचं. मी विचारलं, “मेलेले मोजता, पण मरणाऱ्यांकडे कोण बघतं?” कुणी बोलेना. मग टाक्यांची देखभाल करणाऱ्या परिचराला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. “दीदी, पहले ऊपर आकर मुँह मारती है, फिर तिरछी होती है, फिर पेट ऊपर. उसके बाद नहीं बचती.” संशोधकाच्या कागदात जे नव्हतं ते त्याने एका दमात सांगितलं. त्या दिवशी प्रस्तावात एक रकाना वाढला. तोल गेलेला मासा सावरत नसेल, तर 96 तासांची वाट न बघता त्याला जादा भूल देऊन संपवायचं. रसायनांच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या संघटनेनेही 2019मध्ये या चाचणीचे नियम सुधारले, तेव्हा मरणाआधीची लक्षणं टिपण्यावर भर दिला. आमच्या परिचराला ती लक्षणं पाठ होती. त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

त्यानेच दुसरी गोष्ट दाखवली. एका रविवारी वीज गेली, हवेचे पंप थांबले आणि साध्या पाण्याच्या टाकीतले मासे सोमवारी तरंगताना दिसले. या टाकीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त मासे मेले तर चाचणी बाद धरतात. म्हणजे बाकीच्या पाच टाक्यांतले मासे फुकट मेले आणि सगळं पुन्हा नव्या माशांवर. पुढच्या बैठकीत मी एवढंच विचारलं, “रविवारी कोण असतं?” महिन्याभरात इन्व्हर्टर आला. माशांच्या दयेपोटी नव्हे. प्रयोग वाया गेल्याचा हिशेब अध्यक्षांना कळला म्हणून. मला तेवढं पुरेसं होतं.

सगळ्यात विचित्र किस्सा मरळीच्या कुळातल्या छोट्या माशांचा. हे मासे चिवट. कल्ल्यांबरोबरच वर येऊन थेट हवा घेतात, म्हणून घाणेरड्या पाण्यातही तगतात आणि म्हणूनच आपल्या प्रयोगशाळांत फार वापरले जातात. जो सोसतो त्याच्याच वाट्याला हाल, हा नियम इथेही. रात्री ते उड्या मारून टाकीबाहेर पडायचे. एका हुशार विद्यार्थ्याने टाकी काठोकाठ भरली आणि वर घट्ट झाकण बसवलं. सकाळी सगळे मेलेले. पाण्याची तपासणी झाली, विषाचा संशय घेतला गेला. शेवटी पशुवैद्य म्हणाले, “बुडून मेलेत.” विद्यार्थी हसला, त्याला तो विनोद वाटला. विनोद नव्हता. वर यायला जागाच नव्हती, हवा मिळाली नाही. प्राणी पाळायला आणण्याआधी तो श्वास कसा घेतो एवढं तरी माहीत असावं, ही अट त्यानंतर आमच्या समितीने लेखी घातली.

माशाला दुखतं का, हा प्रश्न दर दुसऱ्या बैठकीत निघायचा. लिन स्नेडन यांनी 2003मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचलं, तेव्हा त्यांनी ओठ तळाच्या खडीवर घासले आणि कितीतरी वेळ खाणं टाकलं. वेदनाशामक दिल्यावर हे वागणं कमी झालं. वाद अजून मिटलेला नाही, पण आपल्याकडेही 2021मध्ये माशांवरच्या प्रयोगांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली. त्यानंतर “मछली ही तो है” जरा दबक्या आवाजात येऊ लागलं.

खेकडा-कोळंबीचं तेही नाही. चहाच्या वेळी एका संशोधकाने सहज सांगितलं की तो कोळंबीच्या मादीच्या डोळ्याचा देठ कापतो. अंडाशयाची वाढ रोखणारं संप्रेरक त्या देठात तयार होतं. देठ गेला की मादी लवकर तयार होते. कोळंबीच्या बीजकेंद्रांत ही पद्धत सर्रास चालते. “भूल देता?” मी विचारलं. “कधी बर्फात ठेवतो. फॉर्म नहीं लगता ना.” अध्यक्षांनीही तेच सांगितलं, विषय आपल्या कक्षेत नाही. खरंतर 1960च्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव. व्यवहारात मात्र समितीचं टेबल पाठीच्या कण्यापाशी संपतं. ब्रिटनने 2022च्या कायद्यात खेकडे, कोळंबी आणि शेवंड संवेदनशील प्राण्यांत घेतले; त्याआधी तज्ज्ञांनी तीनशेहून अधिक शोधनिबंध तपासले होते. तरी त्यांच्याही प्रयोगशाळांच्या परवान्यात खेकडा अजून आलेला नाही.

“मॅडम, तुम्ही मासे खाता ना?” हा टोला मला हमखास बसायचा. खाते. कोळंबीही खाते. पण माझ्या ताटातल्या माशावर कुणी ‘याला दुसरा पर्याय नव्हता’ असं लिहून सही करत नाही. प्रयोगशाळेत तशी सही होते, तीही बहुधा जनतेच्या पैशावर. मग ती खरी आहे का, हे विचारायचा हक्क जनतेला आहे. 2021पासून माशाच्या कल्ल्याच्या पेशींवर करायची चाचणीही ओईसीडीच्या यादीत आहे. तिचा विचार केला का, एवढा प्रश्न विचारायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही.

माझी मुदत संपली तेव्हा खेकड्या-कोळंबीसाठी निदान एक पानी फॉर्म असावा, अशी सूचना इतिवृत्तात नोंदवून आले. ती कुठवर गेली कल्पना नाही. तुमच्या गावातल्या एखाद्या संस्थेने उद्या अशी खुर्ची देऊ केली, तर ‘मला विज्ञानातलं काय कळतं’ म्हणून नाकारू नका. फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, रविवारी कोण असतं ते विचारा आणि टाकीचं पाणी बदलणाऱ्याला बैठकीत बोलवा. निम्मं काम तिथेच होतं.