जड गिटारच्या पोटातला तंबोरा

सावनेरच्या मिरवणुकीत ढोल छातीत घुमतो, तो नुसत्या मोठ्या आवाजाने, असं आपण धरून चालतो. हेवी रॉकबद्दलही तोच समज. पण त्याचा खरा जोर आहे आपल्या ओळखीच्या जोडीत : सा आणि प. तंबोऱ्याचीच ही जोडी. गिटारवाले तिला पॉवर कॉर्ड म्हणतात.

गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, तिचा पंचम १२३ ला. ॲम्प्लिफायरमधून आवाज मुद्दाम फाडला की या दोहोंच्या फरकाचा, ४१ हर्ट्झचा स्वरही उमटतो. कुणीच न छेडलेला, खर्जातला सा! गंधार मिसळला तर मात्र सगळं गढूळ होतं, म्हणून तो गाळतात. काय गाळायचं हे कळणं, ही मला यातली खरी विद्वत्ता वाटते.

ब्लॅक सॅबथ या हेवी रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात तुटली. बोटांना टोप्या घालून तो वाजवत राहिला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत त्याने तारा तीन अर्धस्वर उतरवल्या; तोच सा-प आणखी खर्जात गेला.

आधी पाच मिनिटं तंबोरा ऐका, मग हा अल्बम लावा. आवाज बेताचाच ठेवा. सा-प तरीही ऐकू येईल.