पहाटेचं आंबट पान

पानफुटीचं पान पहाटे चाखलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव. बेंजामिन हेन यांनी भारतात हे चाखून पाहिलं आणि १८१३ च्या एका पत्रात लिहून ठेवलं.

कारण असं, की बहुतेक झाडं कार्बन डायऑक्साइडसाठी दिवसा पर्णरंध्रं उघडतात आणि उन्हात पाणी गमावतात. पानफुटी, निवडुंग, अननस ती रात्री उघडतात, वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून वापरतात. हेच 'कॅम' प्रकाशसंश्लेषण.

माझ्या पीएचडीचा विषय आहे घोळ. हो, आपण भाजी करतो तोच! एरवी तो मक्यासारखा सी-फोर पद्धतीने दिवसपाळी करतो. पाणी तोडलं की थोडी रात्रपाळीही धरतो. पाणी दिलं की सोडतो.

हे मोजायला संध्याकाळी आणि पहाटे पानं तोडून गोठवायची, अर्काचं टायट्रेशन करायचं. पहाटे आम्ल जास्त निघालं, तर कॅम चालू.

पहिल्या वर्षी माझे दोन्ही आकडे सारखेच आले. आठवडाभर मी रसायनांना दोष देत बसलो. मग कुंड्यांच्या वजनाची वही उघडली. घटायला हवं ते वजन एका दिवसात वाढलं होतं! मी प्रॅक्टिकल घेत होतो तेव्हा कुणीतरी दयेने सुकलेल्या रोपांना पाणी घातलं होतं. पाटी मी लावली नव्हती, चूक माझीच. तीन आठवडे गेले.

तेव्हा ग्रीनहाऊसचं काम 'वरकाम' समजू नका. वजनाची वही रोज भरा. तुमचा प्रयोग तिथेच घडतो किंवा बिघडतो.