खरी मैत्रीण कोणाला म्हणायचं?

आमच्या गटाच्या इंग्रजीच्या वर्गात ‘फ्रेंड’ हा शब्द आला. अर्थ सगळ्यांना ठाऊक. पण खरी फ्रेंड कोण, यावर आम्ही बराच वेळ बोललो. उदाहरण आपल्या कल्याणचंच सापडलं.

आनंदीबाई जोशींचं माहेर कल्याणचं. त्यांना शिकता यावं म्हणून पती गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते अमेरिकेत छापून आलं. दातांच्या दवाखान्यात बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी ते वाचलं आणि १८८० मध्ये आपणहून पत्र धाडलं. आनंदीबाई इंग्रजीतून उत्तरं लिहू लागल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा याच मावशीने त्यांना घरात ठेवून घेतलं. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. तरी मावशीची माया आटली नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांची रक्षा मावशीकडे पाठवली गेली. तिने ती आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली.

म्हणजे खरी मैत्रीण न बोलावता येते, आपल्याला बदलायला लावत नाही आणि शेवटपर्यंत आपलं मानते. मैत्रिणींनो, गटात जिचा हप्ता थकलाय, तिच्या घरी या आठवड्यात एक चक्कर मारा. वसुलीला नाही, विचारपूस करायला.